आल्फा, बीटा, गॅमा आणि आपली ‘गमत’

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच अट घातली होती : ‘कॉम्प्युटरबद्दल लिहू नकोस, कुणी वाचणार नाही.’ अट मी पाळते आहे. मध्ये एक छोटा परिच्छेद निसटला आहे, तेवढा चालवून घ्या.

मला लिहायचं आहे ते शास्त्रज्ञांच्या थट्टेबद्दल. आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. पण त्याच ग्रुपच्या पोटात आम्हा चार-पाच जणांचा एक वेगळा व्यापार चालतो. कुणी एखाद्या शास्त्रज्ञाचा किस्सा टाकायचा, दुसऱ्याने त्यावर कोटी करायची, तिसऱ्याने ‘हे खरं नाही, मी शोधून पाहिलं’ म्हणून रसभंग करायचा. हा व्यापार जुना आहे. आठवीत असताना प्रयोगशाळेतल्या शेवटच्या टेबलावर तो सुरू झाला. तिथून सरांना आमची तोंडं दिसत नसत, पण हसू ऐकू जात असे. ‘मागे कसला प्रयोग चाललाय?’ असं सर विचारायचे आणि आमच्यापैकी कुणीतरी ‘सर, नायट्रस ऑक्साइड’ म्हणायचं. हा विनोद आम्ही दोन वर्षं वापरला.

तर मागच्या वर्षी ग्रुपवर एकाने जुना फोटो टाकला. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, सन १९९५. टेबलावर प्लॅस्टिकचा टब, त्यात सोडलेल्या दोन तारा, नऊ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर आणि सायकलच्या दुकानातून आणलेला भोंगा. टबातलं पाणी तारांपर्यंत चढलं की पाण्यातून अगदी थोडा प्रवाह जातो, तेवढ्यावर ट्रान्झिस्टर चालू होतो आणि भोंगा कोकलतो. पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारं यंत्र. मागे चार्टपेपर, त्यावर माझ्या अक्षरात तीन नावं, एकाखाली एक. नावं इथे देत नाही, फक्त आद्याक्षरं देते, कारण सगळी मजा आद्याक्षरांतच होती : ग, म, त. वरून खाली वाचलं की ‘गमत’. मराठीच्या बाई प्रदर्शनाला आल्या होत्या. त्यांनी चार्टसमोर क्षणभर थांबून सांगितलं, ‘अनुस्वार राहिलाय गं.’

त्यावर आम्ही किती हसलो होतो, ते फोटो पाहिल्यावर ग्रुपवर पुन्हा सगळ्यांना आठवलं. चाळीस-पन्नास संदेश आले. ‘म’ने एक हसरा चेहरा टाकला, बाकी काही लिहिलं नाही. आणि ‘त’ म्हणजे अर्थात मी. त्या रात्री मला झोप लागेना, कारण मी नेमकी त्याच आठवड्यात राल्फ आल्फरबद्दल वाचत होते.

आल्फर सांगायचा तर आधी जॉर्ज गॅमॉव सांगायला हवा, आणि गॅमॉव सांगायचा तर कोपनहेगन.

डेन्मार्कच्या राजधानीत ब्लेगडॅम्सवाय नावाच्या रस्त्यावर नील्स बोर यांची भौतिकशास्त्राची संस्था १९२१ मध्ये सुरू झाली. पुढल्या दहा-बारा वर्षांत पुंजभौतिकी जिथे घडली त्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. वयाने पंचविशीच्या आतबाहेरची मुलं युरोपभरातून तिथे यायची. दिवसा समीकरणांवर भांडायची आणि संध्याकाळी बोर यांना सिनेमाला घेऊन जायची. बोर यांना काउबॉयचे सिनेमे आवडत, पण कथानक समजायला वेळ लागत असे, असं गॅमॉवने लिहून ठेवलं आहे. अशा सिनेमांत खलनायक आधी पिस्तूल उपसतो आणि तरी नायकच का जिंकतो, यावर बोर यांचा सिद्धांत होता : आधी उपसणाऱ्याला ‘आता उपसू का’ हे ठरवावं लागतं, दुसऱ्याचा हात मात्र विचार न करता हलतो, म्हणून तो जलद. यावर वाद झाला तेव्हा गॅमॉवने दुकानातून खेळण्यातली पिस्तुलं आणली आणि प्रयोग केला. बोर नायक झाले, आणि त्यांनी समोरच्या सर्वांना टिपलं.

हा किस्सा मी ग्रुपवर टाकला तेव्हा आमच्यातल्या रसभंग करणाऱ्याने विचारलं, ‘याचा साक्षीदार कोण?’ साक्षीदार खुद्द गॅमॉव. म्हणजे किती पाणी घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

१९३२ च्या एप्रिलमध्ये याच संस्थेत एक प्रहसन झालं. जर्मन महाकवी गेटेच्या मृत्यूला त्याच मार्चमध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाचं विडंबन करायचं ठरलं. बरंचसं लेखन माक्स डेलब्रुक या तरुणाचं. (हा पुढे जीवशास्त्राकडे वळला आणि १९६९ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल घेऊन आला.) नाटकात परमेश्वर म्हणजे बोर, सैतान म्हणजे वोल्फगांग पाउली, फाउस्ट म्हणजे लायडनचे पॉल एरनफेस्ट, आणि फाउस्टला जिची भुरळ घालायची ती नायिका ग्रेचेन म्हणजे न्यूट्रिनो! न्यूट्रिनो तोवर कुणी पाहिला नव्हता. पाउलीने १९३० च्या डिसेंबरमध्ये एका पत्रातून तो सुचवला होता. पत्राचा मायना ‘प्रिय किरणोत्सर्गी स्त्री-पुरुषहो’ असा होता, आणि मी स्वतः परिषदेला येऊ शकत नाही कारण झ्युरिकमध्ये नाचाचा कार्यक्रम आहे, असं त्यात कळवलं होतं. विज्ञानाच्या इतिहासातली एक मोठी कल्पना अशी रजेच्या अर्जासोबत आली.

प्रहसनाच्या वेळी बोर आणि एरनफेस्ट समोर पहिल्या रांगेत बसले होते आणि स्वतःची टिंगल ऐकत होते. गॅमॉव नव्हता. तो रशियात अडकला होता, त्याला देशाबाहेर पडण्याची परवानगी मिळत नव्हती, म्हणून नाटकात त्याला गजांआड दाखवलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात गॅमॉव आणि त्याची बायको एका छोट्या वल्हवायच्या होडीतून काळा समुद्र ओलांडून तुर्कस्तानला पळून जायला निघाले. वादळी हवेने त्यांना परत किनाऱ्यावर आणून टाकलं. अखेर १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेसाठी दोघांना परवानगी मिळाली, ते गेले आणि परतले नाहीत.

पहिल्या रांगेतले बाकीचे? प्रहसनानंतर दहा महिन्यांच्या आत हिटलर सत्तेवर आला. जर्मनीतल्या ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या आणि ही हसरी मंडळी विखुरली. फाउस्ट झालेले एरनफेस्ट दीर्घकाळ नैराश्याने ग्रासलेले होते. सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांनी आपल्या आजारी मुलावर आणि मग स्वतःवर गोळी झाडली. त्या प्रहसनाची संहिता मी इंग्रजी भाषांतरात वाचली आहे. हे सगळं माहीत असताना ती वाचणं सोपं नाही.

आता दुसरा गडी, हान्स बेथे. आडनावाचा उच्चार जर्मन वळणाने ‘बेटे’, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोग आहे. १९३१ च्या जानेवारीत बेथे चोवीस वर्षांचा होता आणि केंब्रिजला शिकत होता. तेव्हा तिथे सर आर्थर एडिंग्टन यांचा मोठा दबदबा. सूर्यग्रहणाची छायाचित्रं घेऊन आइन्स्टाइनचा सिद्धांत पडताळणारे ते हेच. पण उत्तरायुष्यात त्यांना संख्यांचा नाद लागला. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्यातल्या क्रियेची ताकद सांगणारा एक स्थिरांक आहे, सूक्ष्मसंरचना स्थिरांक. त्याचा व्यस्त सुमारे १३७ येतो. एडिंग्टन यांनी केवळ तर्काने आधी तो १३६ असल्याचं ‘सिद्ध’ केलं. मोजमापं १३७ कडे झुकली तेव्हा त्यांनी आणखी एक तर्क लढवून त्यात एक मिळवला. लोक त्यांना ‘सर आर्थर अ‍ॅडिंग-वन’ म्हणू लागले.

बेथे, गिडो बेक आणि वोल्फगांग रिझलर या तिघा पोरांनी मग ‘डी नाटुरविसेनशाफ्टेन’ या प्रतिष्ठित जर्मन विज्ञान-साप्ताहिकाला एक टिपण पाठवलं. त्यात अतिशय गंभीर चेहऱ्याने दाखवलं होतं की निरपेक्ष शून्य तापमान थेट एडिंग्टनच्या संख्येतून काढता येतं. १३७ ची दुप्पट करा, एक वजा करा. २७३. उणे २७३ अंश! संपादकांनी ते ९ जानेवारी १९३१ च्या अंकात छापलं.

इथे बाकावरून ‘त्यात हसण्यासारखं काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. निरपेक्ष शून्य उणे २७३ येतं ते फक्त सेल्सियस मापनात. पाणी गोठण्याला शून्य आणि उकळण्याला शंभर म्हणायचं, हे माणसांनी सोयीसाठी ठरवलं आहे. फॅरेनहाइटमध्ये तेच तापमान उणे ४५९ च्या पलीकडे जातं. तेव्हा विश्वाच्या एखाद्या मूलभूत स्थिरांकातून २७३ निघणं म्हणजे एखाद्याच्या पत्रिकेतून त्याच्या सायकलचा नंबर निघण्यासारखं आहे. आपल्या सरांच्या भाषेत : ‘एकक लिहिलं नाही तर उत्तराला शून्य गुण.’ ती ओरड मी आजही ज्युनियर मुलांवर करते.

थट्टा कळल्यावर संपादकांना पुढे मार्चमध्ये खुलासा छापावा लागला. संपादक होते आर्नोल्ड बर्लिनर. १९१३ मध्ये हे साप्ताहिक त्यांनीच सुरू केलं आणि वाढवलं. गेली कित्येक वर्षं मी हा किस्सा हसत हसत सांगत आले, पण बर्लिनरचं पुढे काय झालं हे कधी पाहिलं नव्हतं. १९३५ मध्ये ज्यू म्हणून त्यांना संपादकपदावरून काढलं. १९४२ मध्ये, घरातून बाहेर काढून छळछावणीकडे नेलं जाण्याची वेळ आली तेव्हा, त्यांनी जीव दिला. बेथेचीही १९३३ मध्ये नोकरी गेली, कारण आई ज्यू कुटुंबातली. तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि तारे ऊर्जा कशी निर्माण करतात हे त्याने शोधून काढलं. त्यासाठी १९६७ चं नोबेल.

आता मुख्य गोष्ट.

१९४८. गॅमॉव वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक आहे. हाताखाली राल्फ आल्फर नावाचा विद्यार्थी, वय सत्तावीस. स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. दिवसा सरकारी संरक्षण कामासाठीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि संध्याकाळच्या वर्गांना बसून पदव्या घ्यायच्या, असा त्याचा प्रवास. पीएचडीसाठी घेतलेला पहिला विषय रशियाच्या लिफशिट्झने आधीच सोडवून टाकला, म्हणून सगळं फेकून नव्याने सुरुवात केली. दुसरा विषय होता : मूलद्रव्यं आली कुठून?

आल्फरने मांडलं ते थोडक्यात असं. सुरुवातीला विश्व भयंकर तप्त आणि दाट होतं. त्यातले न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन झाले, प्रोटॉनना न्यूट्रॉन चिकटत गेले आणि हलक्यापासून जडाकडे अशी मूलद्रव्यं रचली गेली, तीही विश्व पसरून थंड होण्याच्या आत, म्हणजे काही मिनिटांत. महायुद्धानंतर न्यूट्रॉन शोषणाचे आकडे नुकतेच खुले झाले होते. ते वापरून आल्फरने गणित केलं. हायड्रोजन आणि हेलियमपुरतं उत्तर बरोबर दिशेने जात होतं, आणि विश्वातलं जवळपास सगळं दृश्य द्रव्य या दोनच मूलद्रव्यांचं आहे. पुढच्या जड मूलद्रव्यांपाशी मात्र गाडी अडत होती, कारण ५ वस्तुमानांकाचं स्थिर अणुकेंद्रकच निसर्गात नाही. जिन्याची मधली पायरीच गायब. गॅमॉवने यावरही बायबलच्या थाटात एक विडंबन लिहिलं : देव मोजता मोजता पाच म्हणायला विसरला, मग जड मूलद्रव्यं बनवण्यासाठी त्याला फ्रेड हॉइल निर्माण करावा लागला. हॉइल म्हणजे गॅमॉवचा प्रतिस्पर्धी, विश्वाला आरंभच नाही म्हणणारा, आणि आपल्या जयंत नारळीकरांचा गुरू. जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात शिजतात हे हॉइल आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये खरोखरच दाखवलं. या भांडणात दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर निघाल्या, असं क्वचित घडतं.

प्रबंधाचा गाभा एका छोट्या शोधनिबंधात ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवायचा होता. लेखक दोन, आल्फर आणि गॅमॉव. गॅमॉवने नावांकडे पाहिलं आणि त्याला राहवेना. आल्फर... गॅमॉव... मध्ये एक बेटे बसला की आल्फा, बीटा, गॅमा! ग्रीक मुळाक्षरांची पहिली तीन अक्षरं, किरणोत्सर्गाचे तीन प्रकार, आणि निबंध विश्वाच्या आरंभाबद्दल. शिवाय आल्फा किरणोत्सर्गाचं कोडं १९२८ मध्ये सोडवणारा स्वतः गॅमॉवच. इतकी जुळून आलेली कोटी पुन्हा मिळणार नव्हती. त्याने आपल्या मित्राचं, हान्स बेथेचं नाव मध्ये घातलं. बेथेचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. निबंध बेथेकडे पोहोचला तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. १९३१ मध्ये संपादकाला गंडवणारा माणूस तो, हरकत कशाला घेतोय? निबंध छापून आला त्या अंकाची तारीख १ एप्रिल १९४८.

पुढे गॅमॉवने ही कोटी आणखी ताणली. आल्फरचा सहकारी रॉबर्ट हर्मन याला तो म्हणे, तू आडनाव बदलून ‘डेल्टर’ कर. हर्मनने नकार दिला. मधल्या काळात सिद्धांत अडचणीत आला तेव्हा ‘बेथे आता आडनाव बदलून झकारायस करणार आहे’ अशी आवई त्यानेच उठवली. मुळाक्षरांच्या यादीत जितकं खाली जाता येईल तितकं जावं, म्हणून.

आता आल्फरच्या जागी बसून पाहा. सगळं काम त्याचं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला सुमारे तीनशे माणसं आली, वार्ताहरही आले. विश्व पाच मिनिटांत सुरू झालं अशी बातमी वर्तमानपत्रात झळकली, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची पत्रंसुद्धा आली. पण शास्त्रज्ञ वर्तमानपत्र पाहून श्रेय देत नाहीत, ते निबंधावरची नावं पाहतात. तिथे दोन नामांकित माणसं आणि एक अनोळखी विद्यार्थी. वाचणारा काय समजणार? की दोघा मोठ्यांनी काम केलं आणि पोराने आकडेमोड. आल्फरला ही भीती तेव्हाच वाटली होती, आणि बेथेचं नाव घालण्याला आपला विरोध होता हे त्याने पुढे वारंवार सांगितलं. पण मार्गदर्शक प्राध्यापक हसत असताना विद्यार्थ्याने किती वेळ गंभीर राहायचं?

तो विनोदाला पारखा होता असंही नाही. आदिद्रव्यासाठी ‘यलेम’ हा जुना विस्मृत शब्द त्यानेच शब्दकोशातून शोधून काढला. क्वांत्रोच्या बाटलीवर ‘यलेम’ अशी चिठ्ठी लावून मंडळींनी निबंधाचा आनंद साजरा केला. पुढे आल्फर आणि हर्मनने एक जोडचित्र बनवलं, त्यात बाटलीतून जिन्न निघावा तसा गॅमॉव निघतो आहे आणि दोन्ही बाजूंना हे दोघे. ते त्यांनी गॅमॉवच्या व्याख्यानाच्या स्लाइडांमध्ये गुपचूप सरकवलं. ती बाटली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बाटलीचं जतन झालं हे मला आवडतं.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या ‘नेचर’मध्ये आल्फर आणि हर्मन या दोघांनीच, गॅमॉव किंवा बेथेशिवाय, एक टिपण छापलं. आरंभीच्या उष्णतेचा अवशेष आजही विश्वभर पसरलेला असणार आणि त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ५ अंश असणार, असं त्यात भाकीत होतं. ते शोधायला कुणी निघालं नाही. दोघांनी काही वर्षं वाट पाहिली आणि १९५५-५६ च्या सुमारास उद्योगांतल्या नोकऱ्या धरल्या. आल्फर जनरल इलेक्ट्रिकमध्ये, हर्मन जनरल मोटर्समध्ये. हर्मनने तिथे रस्त्यावरच्या वाहतुकीचं गणित मांडलं, एका गाडीमागून दुसरी गाडी कशी चालते याचं. पुण्यात राहणाऱ्यांनी ते वाचून निराश होऊ नये. आपल्याकडे एका गाडीमागे एक गाडी नसते.

१९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल लॅब्जच्या पेन्झियस आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात एक न जाणारी खरखर ऐकू येऊ लागली. कर्ण्यासारख्या त्या अँटेनात कबुतरं राहत होती. ती हाकलली, त्यांची घाण साफ केली, कबुतरं परत आली, खरखर तर गेलीच नव्हती. ती होती विश्वाच्या आरंभाची ऊब. १९६५ मध्ये दोन निबंध शेजारी शेजारी छापले गेले, एक शोधाचा आणि दुसरा प्रिन्स्टनच्या गटाने दिलेल्या स्पष्टीकरणाचा. सतरा वर्षांपूर्वीचं भाकीत त्यांत कुठेच उल्लेखलेलं नव्हतं. १९७८ चं नोबेल पेन्झियस आणि विल्सन यांना मिळालं. आल्फर आणि हर्मन पत्रं लिहीत राहिले, लोकांना आठवण देत राहिले. त्यामुळे ‘कटकटे म्हातारे’ अशी त्यांची ख्याती झाली असणार, असं मला उगाच वाटतं. श्रेय मागणाऱ्याची नेहमी तीच ख्याती होते.

आल्फरला अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं ते २७ जुलै २००७ ला. प्रकृती ठीक नव्हती म्हणून ते त्याच्या मुलाने स्वीकारलं. सोळा दिवसांनी, १२ ऑगस्टला, आल्फर गेला.

हे सगळं गॅमॉवच्या कोटीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. तंत्रज्ञान पुढे जायला वेळ लागला, रेडिओवाले आणि विश्वशास्त्रवाले एकमेकांचं वाचत नव्हते, आणि सिद्धांत जड मूलद्रव्यांपाशी अडल्यामुळे मागे पडला होता. गॅमॉव दुष्ट तर नव्हताच. माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलांना विज्ञानाची गोडी त्याच्या पुस्तकांनी लावली, मलाही. पण तीन नावांमध्ये त्या कोटीची किंमत फक्त एकाने मोजली, आणि ती कोटी त्याने केलेली नव्हती.

(इथे कॉम्प्युटरचा तो परिच्छेद. प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ का म्हणतात? ग्रेस हॉपरबाईंना यंत्रात किडा सापडला म्हणून, असं आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला सांगतात. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत पतंग सापडला हे खरं, तो नोंदवहीत चिकटवला हेही खरं. वही जपून ठेवलेली आहे. पण हॉपरबाई तो किस्सा सांगत, किडा त्यांनी पकडला नव्हता. आणि नोंदीत ‘खराखुरा बग सापडल्याची पहिलीच वेळ’ अशा अर्थाचं लिहिलं आहे, म्हणजे शब्द आधीपासून होता, लिहिणारा थट्टा करत होता. एडिसनने १८७८ मध्येच तो वापरला आहे. पतंग धरणाऱ्याचं नाव आमच्यातल्या कुणालाही माहीत नाही.)

परत १९९५. पाण्याचं यंत्र पूर्णपणे ‘म’ने बनवलं होतं. तिच्या घरी पहाटे चारला नळाला पाणी यायचं आणि टाकी भरून वाहू नये म्हणून तिची आई जागत बसायची. म्हणून ते यंत्र. ‘ग’ वर्गात पहिली, बोलण्यात हुशार, तिने परीक्षकांना समजावून सांगितलं, तेही ‘म’ने आदल्या रात्री शिकवलेलं. मी चार्ट रंगवला. ‘म’चं नाव वर असायला हवं होतं, पण मग ‘मगत’ झालं असतं. क्रम मी ठरवला. यंत्राला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नावासाठी एकच ओळ होती, म्हणून आयोजकांनी चार्टवरचं पहिलं नाव लिहून पुढे लिहिलं, ‘व इतर’.

‘म’ने अकरावीला कॉमर्स घेतलं. त्याला घरची कारणं होती, मी उगाच संबंध जोडत नाही. पण त्या रात्रीनंतर मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, राग कसला? मीच सगळ्यात जास्त हसले होते.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘फक्त झेरॉक्स घरी नेली तेव्हा आईने विचारलं, यात तुझं नाव कुठंय? तिला फारसं वाचता यायचं नाही ना. मी “इतर”वर बोट ठेवलं.’

तो फोटो या स्मरणिकेत छापला आहे. संपादक मंडळाला मी त्याखाली एवढंच छापायला सांगितलं आहे : रचना आणि जोडणी, तिचं पूर्ण नाव. सादरीकरण, ‘ग’. चार्ट, मी. मजकूर आधी ‘म’ला दाखवला. तिचं उत्तर आलं, ‘ट्रान्झिस्टर दोन होते. एकाने भोंगा वाजत नव्हता म्हणून दुसरा जोडला होता. चार्टवर पण तू एकच काढला होतास.’ वर मीही एकच लिहिला आहे. तो तसाच ठेवते, म्हणजे चूक कुणाची ते दिसेल. फोटोखाली दोन आहेत.